कडक डोहाळे : एका दुखण्याचा इतिहास

'डोहाळे' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय येते? हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, चिंचा-कैऱ्या, भोवती जमलेल्या बायका आणि लाजणारी गर्भारशीण. बायकोला मध्यरात्री हवे असलेले काहीबाही आणायला धावणारा नवराही या चित्रात असतो. शब्दाला एकूण लाडाची झाक आहे. नुकसान करून घ्यायची हौस असलेल्या माणसाला आपण 'भिकेचे डोहाळे लागलेत' म्हणतो, तिथेही अर्थ इच्छेचाच.

पण हाच शब्द घरातल्या बायकांच्या बोलण्यात निराळ्या अर्थाने येतो. "धाकटीला फार कडक डोहाळे लागलेत हो," असे एखादी सासू म्हणते तेव्हा सुनेला काही खावेसे वाटत असते, असे मुळीच नसते. फोडणीचा वास आला की ती मोरीकडे धावते. पाण्याचा घोट पोटात ठरत नाही. पित्त पडून गेल्यावरही कोरड्या ओकाऱ्या थांबत नाहीत. दोन महिन्यांत ती अंथरुणाला खिळते. या अवस्थेला आधुनिक वैद्यक 'हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम' म्हणते. गर्भारपणात मळमळ होणाऱ्या बायका शंभरात सत्तरच्या आसपास असतात. हे तीव्र दुखणे होणाऱ्या शंभरात एक-दोन, फार तर तीन. मराठीत मात्र दोन्हींना शब्द एकच, आणि तोही इच्छेचा. हे कसे झाले, आणि त्याचे परिणाम काय झाले, हे शोधताना माझ्या ध्यानात आले की ही गोष्ट मराठीपुरती नाही. उलटीचा अर्थ 'बाईच्या मनात काय आहे' यावरून लावण्याची सवय फार जुनी आहे आणि ती युरोपातही आहे. त्या सवयीचा हा थोडक्यात इतिहास.

शब्दाच्या पोटात

'डोहाळा' हा शब्द संस्कृत 'दोहद' आणि प्राकृत 'दोहल' यांच्या कुळातला. आयुर्वेदाच्या संहितांनी त्याची उपपत्ती 'द्विहृदया' अशी दिली आहे: जिच्या ठायी दोन हृदये आहेत ती. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि मग गर्भ आईच्या मार्फत आपल्या इच्छा बोलून दाखवतो. कल्पना सुंदर आहे. पण मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात 'दोहद'पाशी दुसरीच उपपत्ती दिसते. 'दोहद' हे बहुधा 'दौर्हृद'चे प्राकृत रूप असावे, आणि 'दौर्हृद' म्हणजे हृदयाचे बिघडणे, मळमळणे. संस्कृतात मळमळीचे स्थान हृदयच आहे. मळमळीला वैद्यकाचा शब्द 'हृल्लास' असा आहे. तेव्हा ही व्युत्पत्ती धरली तर 'डोहाळे' या शब्दाच्या मुळाशी आधी मळमळ होती आणि इच्छा तिच्यावर नंतर येऊन बसली. भाषेने दुखणे झाकून त्यावर लाड ठेवला, असे म्हणावेसे वाटते.

संहिताकारांना दुखणे दिसत नव्हते, असे मात्र नाही. चरकाने शारीरस्थानात गर्भधारणेची लक्षणे सांगताना तोंडाला पाणी सुटणे, अन्नाची इच्छा नसणे, उलटी, अरुची आणि विशेषेकरून आंबटाची ओढ एका ओळीने नोंदवली आहे. सुश्रुताचे निरीक्षण तर आजच्या कुठल्याही गर्भवतीला पटेल: मनात नसताना उलटी होते आणि चांगल्या वासाचाही उबग येतो. हारीतसंहितेत गर्भिणीचे जे आठ उपद्रव सांगितले आहेत त्यांत हृल्लास, छर्दी आणि अरुची यांना वेगवेगळी जागा आहे. म्हणजे मळमळ, उलटी आणि अन्नद्वेष हे तीन त्रास वेगळे आहेत, याची जाण होती.

पण उपचाराचा प्रश्न आला की इच्छा पुढे येते. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात छर्दीवर स्वतंत्र अध्याय आहे. तिथे गर्भिणीच्या उलटीवर तिला हवी असतील ती फळे द्यावीत, असा उपाय येतो. आणि इच्छा पुरवली नाही तर? मूल कुबडे, लंगडे, बुटके, मंद असे निपजण्याचा धाक आहे. हा धाक बाईच्या उपयोगी पडला असेल, यात शंका नाही. एरवी तिला कोणी कैरी आणून दिली असती? पण त्याची किंमतही तिनेच मोजली. तिचे हवे-नको पाहायचे ते मुलाला व्यंग येऊ नये म्हणून. जिला काहीच नको आहे, इच्छा नावाची गोष्टच जिच्यात उरलेली नाही, तिच्यासाठी या व्यवस्थेत जागा राहिली नाही.

साहित्यानेही इच्छाच उचलली. कालिदासाच्या 'रघुवंशा'त सुदक्षिणेचे डोहाळे आहेत. ती माती खाते, आणि पृथ्वी भोगणारा पुत्र होणार म्हणून ते शुभचिन्ह ठरते. जिजाऊंना गड-किल्ल्यांचे आणि शस्त्रांचे डोहाळे लागल्याचे आपण लहानपणापासून ऐकतो. शिवनेरीवर त्यांच्या पोटात अन्न ठरत होते का, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. थोर पुत्राच्या आईने काहीतरी थोर मागायचे असते, ओकायचे नसते.

लपवायचे महिने

या दुखण्याला आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती कालगणनेची. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरानस या ग्रीक वैद्याने लिहून ठेवले आहे की हा त्रास साधारण चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होतो आणि बहुधा चार महिन्यांपर्यंत चालतो. आजचे निरीक्षणही फारसे वेगळे नाही: सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरुवात, नवव्या-दहाव्या आठवड्यात कहर, विसाव्यापर्यंत बहुतेकींना उतार. काही थोड्या जणींना मात्र बाळंतपणापर्यंत सुटका नसते.

आता आपले रिवाज पाहा. तीन महिने होईपर्यंत 'बोलायचे नाही'. तिसऱ्या महिन्यात चोरचोळी, तीही नावाप्रमाणे गुपचूप. डोहाळजेवण सातव्या महिन्यात. म्हणजे जेव्हा ती सर्वांत आजारी असते तेव्हा तिचे गर्भारपण गुपित असते, आणि जेव्हा गाव तिला जेवायला घालते तेव्हा बहुतेकींच्या तोंडाला चव परत आलेली असते. या रिवाजामागे गर्भ टिकेल की नाही ही खरी भीती होती, ती मी नाकारत नाही. पण त्या तीन महिन्यांत तिला वाटणारे दुखणे कोणाकडे बोलायचे? ज्या घरात चार बायका असत, तिथे न बोलता समजून घेतले जाई. साळीच्या लाह्यांचे पाणी, आवळासुपारी, आल्याचा तुकडा, कोकमाचे सार उशाशी येई. यातले लाह्यांचे पाणी फार शहाणपणाचे होते. चिमूटभर मीठ-साखर घातलेले ते पातळ, पिष्टमय पाणी घोटाघोटाने देणे हा शरीरातले पाणी टिकवण्याचाच उपाय आहे. पण ज्या बाईच्या पोटात तेही ठरत नसे, तिच्यासाठी घरगुती ज्ञान तिथे संपत असे.

हॉवर्थमधली तीन महिने चाललेली गोष्ट

घरगुती ज्ञान संपल्यावर काय होई, हे एका प्रसिद्ध घरात दिसते. मराठी वाचकाला 'जेन एअर'ची लेखिका म्हणून शार्लट ब्राँटे परिचित आहे. ब्रॅनवेल आणि एमिली १८४८ मध्ये, अ‍ॅन १८४९ मध्ये, अशी तिन्ही धाकटी भावंडे गेल्यावर ती यॉर्कशरमधल्या हॉवर्थच्या घरात वडिलांसोबत उरली. २९ जून १८५४ रोजी तिने वडिलांचे सहायक धर्मोपदेशक आर्थर बेल निकल्स यांच्याशी लग्न केले. जानेवारी १८५५ मध्ये मळमळ सुरू झाली. ३१ मार्चला ती वारली. वय अडतीस. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले ते क्षयाचे.

एलिझाबेथ गॅस्केल या तिच्या मैत्रिणीने १८५७ मध्ये लिहिलेल्या चरित्रात या शेवटच्या आठवड्यांचे वर्णन आहे. सततची मळमळ, वारंवार येणारी मूर्च्छा, अन्न नुसते दिसले तरी होणारा त्रास. ब्रॅडफर्डहून डॉक्टर आले. त्यांनी कारण नैसर्गिक असल्याचे सांगितले आणि थोडा धीर धरा, सगळे ठीक होईल, असा दिलासा दिला. फेब्रुवारीत शार्लटने अंथरुणातून पेन्सिलीने मैत्रिणींना चार-दोन ओळींच्या चिठ्ठ्या पाठवल्या. त्यांत ओकाऱ्यांबरोबर रक्त पडू लागल्याचे आहे आणि नवऱ्याच्या शुश्रूषेबद्दल कृतज्ञताही आहे. मार्चमध्ये ती भ्रमात बोलू लागली आणि अन्न मागू लागली, पण तोवर वेळ निघून गेली होती. गॅस्केलला गर्भारपणाची गोष्ट मृत्यूनंतर कळली.

शवविच्छेदन झाले नाही, म्हणून क्षयासारख्या इतर शक्यता अजूनही मांडल्या जातात. फिलिप ऱ्होड्स या प्रसूतितज्ज्ञाने १९७२ मध्ये ब्राँटे कुटुंबाच्या आजारांचे वैद्यकीय परीक्षण लिहिले, तेव्हा त्याचा कौल गर्भारपणातल्या अतिवमनाकडे पडला. लक्षणांचा क्रम पाहता मलाही तेच संभवनीय वाटते. पण त्या लेखातली एक गोष्ट मला खटकते. निदान करताना ऱ्होड्स यांनी शार्लटच्या मज्जाविकारी स्वभावाचाही आधार घेतला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उपासमारीने गेलेल्या बाईच्या बाबतीतही प्रश्न शेवटी तिच्या मनाकडेच वळला.

मनाचा खटला

हे वळण कुठून आले? शार्लटच्या मृत्यूच्या तीनच वर्षे आधी, १८५२ मध्ये, पॉल दुब्वा या प्रसूतितज्ज्ञाने पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे या घातक उलट्यांचा विषय मांडला होता. त्यातल्या चर्चेचा रोख व्यावहारिक होता: बाई मरणार असे दिसू लागले तर गर्भ काढावा का, आणि कोणत्या टप्प्यावर? म्हणजे हे दुखणे जीव घेते, हे युरोपातल्या जाणत्या डॉक्टरांना ठाऊक होते.

पुढच्या पिढीत प्रश्नच बदलला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. एक मराठी बाई आपल्या जुन्या ग्रंथांतले गर्भिणीविषयीचे ज्ञान आधुनिक वैद्यकापुढे ठेवत होती, त्याच सुमारास युरोपातले वैद्यक गर्भिणीकडे संशयाने पाहू लागले होते. १८९१ मध्ये रुडॉल्फ काल्टेनबाख या जर्मन प्रसूतितज्ज्ञाने या उलट्यांचे मूळ हिस्टेरियात असल्याचा सिद्धान्त मांडला. मनोविश्लेषणाच्या काळात त्याला आणखी धार आली. बाईला मूल नको असते, पण ती ते कबूल करत नाही. म्हणून तोंडावाटे गर्भ बाहेर टाकायचा प्रयत्न करते, असा उलटीचा अर्थ लावला गेला.

सिद्धान्त चुकला तर ग्रंथात राहतो. उपचार चुकला तर तो खाटेपर्यंत पोचतो. १९३० च्या दशकात काही रुग्णालयांत अशा बायकांना एकांतात ठेवत, नातेवाइकांना भेटू देत नसत. ओकण्यासाठीचे भांडे काढून घ्यावे आणि बिछाना बदलण्याची घाई करू नये, असाही सल्ला छापला गेला. स्वतःच्या ओकारीत पडून राहावे लागले की ती 'शहाणी' होईल, हा हिशेब.

हे फार दूरचे वाटू नये म्हणून घरचे एक सांगते. नव्वदच्या दशकात माझ्या धाकट्या बहिणीला हाच त्रास झाला. दहा आठवड्यांत तिचे अकरा किलो वजन उतरले. एका रुग्णालयातून तिला दोनदा परत पाठवले. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारले, "यांना मूल हवंय ना?" तिसऱ्या खेपेला दुसऱ्या डॉक्टरांनी सलाइन लावले आणि चोवीस तासांनी ती उठून बसली. "मला बरं वाटलं त्यापेक्षा, मी खोटी नव्हते हे कळलं, त्याचं जास्त वाटलं," असे ती पुढे कित्येक वर्षे सांगत असे.

मीठपाणी

माझ्या मते या सगळ्या वादाचा निकाल आकड्यांनी केव्हाच दिला आहे. ब्रिटनमध्ये १९३१ ते १९४० या दशकात या दुखण्याने होणारे मृत्यू दर दहा लाख जन्मांमागे १५९ होते. १९५१ ते १९६० या दशकात ते ३ वर आले. या वीस वर्षांत बायकांची मने बदलली नव्हती. नवऱ्यांची, सासवांची तर नाहीच. बदलले होते ते शिरेतून क्षार-पाणी देण्याचे तंत्र. ते सुरक्षित झाले, रुग्णालयांत सर्रास मिळू लागले, आणि मरणाऱ्या बायका जगू लागल्या.

यातली बोचणारी बाब अशी की कल्पना जुनीच होती. १८३२ च्या पटकीच्या साथीत एडिंबरोजवळच्या लीथ इथे थॉमस लॅटा या डॉक्टरने सुकून गेलेल्या रुग्णांच्या शिरेत मीठपाणी सोडले होते आणि काही रुग्ण डोळ्यांदेखत सावरल्याचे 'लॅन्सेट'ला कळवले होते. साथ ओसरली, लॅटा पुढच्याच वर्षी वारला आणि उपाय मागे पडला. निर्जंतुकीकरणाची कल्पना नसलेल्या काळात त्याचे धोकेही मोठे होते. त्याच बेटावर तेवीस वर्षांनी शार्लट ब्राँटे तहानेने आणि भुकेने गेली.

पाण्याइतकीच दुसरी गोष्ट थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची. शरीरात त्याचा साठा थोडा असतो आणि काही आठवडे पोटात काहीच ठरले नाही की तो संपतो. मग मेंदूला इजा होते: डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, भ्रम होतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला हा विकार हॅरोल्ड शीहान यांना ग्लासगोत या दुखण्याने मेलेल्या बायकांच्या मेंदूंत आढळला. त्यांचा लेख १९३९ चा आहे. जुन्या नोंदींत शेवटी-शेवटी बाई 'भ्रमिष्ट' झाल्याचे येते, त्यातल्या काही तरी जणी याच मार्गाने गेल्या असणार. ज्या लक्षणावर मनाच्या विकाराचा शिक्का बसला असता, ते एका जीवनसत्त्वाच्या अभावाचे होते. म्हणूनच आज अशा रुग्णाला साखरेचे सलाइन देण्याआधी थायमिन द्यावे, असे शिकवले जाते.

औषधाचा धसका

जीव वाचू लागले, पण मळमळीवरच्या औषधांची कहाणी वाकडी गेली. पश्चिम जर्मनीत ऑक्टोबर १९५७ मध्ये थॅलिडोमाइड झोपेचे सुरक्षित औषध म्हणून बाजारात आले आणि गर्भवतींच्या सकाळच्या मळमळीवरही दिले जाऊ लागले. हातपाय न वाढलेली मुले जन्मू लागली. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तिथे मागे घेतले गेले, तोवर जगभर दहा हजारांहून अधिक मुलांना इजा झाली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली, त्यामुळे तो देश बराचसा वाचला.

त्यानंतर गर्भारपणात कोणतेही औषध म्हणजे पाप, अशी भीती बसली. तिचा फटका एका निर्दोष गोळीला बसला. डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, यांची 'बेंडेक्टिन' ही गोळी अमेरिकेत १९५६ पासून विकली जात होती. जन्मजात व्यंगांचा दोष तिच्यावर ठेवून खटले झाले. अभ्यासांतून दोष सिद्ध होत नव्हता, पण खटल्यांचा खर्च परवडेना, म्हणून कंपनीने १९८३ मध्ये ती स्वतःहून मागे घेतली. त्यानंतर जन्मजात व्यंगांचे प्रमाण उतरले नाही. वाढले ते उलट्यांसाठी रुग्णालयात भरती होणाऱ्या गर्भवतींचे प्रमाण. हेच मिश्रण अमेरिकेत अधिकृतपणे परत यायला २०१३ साल उजाडले. आपल्याकडे ते आज औषधांच्या दुकानात सहज मिळते. पण 'गोळ्या नकोत, बाळाला बाधतील' हे वाक्य अजूनही प्रत्येक घरात ऐकू येते. थॅलिडोमाइडची आठवण योग्यच आहे. पण उपाशी आईच्या पोटातल्या बाळालाही बाधा होते, ही दुसरी बाजू तिच्याखाली दबली.

रक्तातला निरोप

शेवटचा टप्पा अगदी अलीकडचा. मार्लेना फेझो या अमेरिकी आनुवंशिकी-संशोधक. १९९९ मध्ये दुसऱ्या गर्भारपणात त्यांना हे दुखणे इतके तीव्र झाले की त्यांना हलताही येईना. पंधराव्या आठवड्यात गर्भ गेला. डॉक्टर म्हणत होते की लक्ष वेधून घेण्यासाठी हे चालले आहे. फेझोंनी पुढची वर्षे याच प्रश्नाला वाहिली. २०१८ मध्ये हजारो बायकांच्या जनुकीय माहितीच्या तुलनेतून 'जीडीएफ-१५' या संप्रेरकाच्या जनुकाकडे बोट दाखवता आले. डिसेंबर २०२३ मध्ये फेझो आणि केंब्रिजचे स्टीफन ओराहिली यांच्या चमूने 'नेचर'मध्ये यंत्रणा उलगडली.

गर्भारपणात आईच्या रक्तात हे संप्रेरक खूप वाढते आणि ते प्रामुख्याने गर्भाच्या बाजूने, वारेतून येते. मेंदूच्या मागच्या भागातल्या, मळमळ जागवणाऱ्या केंद्रावर ते काम करते. ज्या बाईच्या रक्तात गर्भारपणाआधी ते फार कमी असते, तिच्या शरीराला त्याची सवय नसते. एकदम आलेला लोंढा तिला झेपत नाही. बीटा थॅलेसेमिया असलेल्या बायकांत हे संप्रेरक आधीपासूनच भरपूर असते, आणि त्यांना गर्भारपणात मळमळ फार कमी होते. दुखण्याची सगळी कारणे यात आली असे नाही, आणि यावरचे औषध अजून यायचे आहे. पण बाईला मूल हवे की नको, हा प्रश्न या यंत्रणेत कुठेच येत नाही.

मला यात गंमत वाटते ती सुश्रुताच्या 'द्विहृदये'ची. गर्भ आईच्या शरीरातून बोलतो, एवढे त्याचे म्हणणे आजही टिकते, मात्र वेगळ्या अर्थाने. पण तो काही मागत नसतो. त्याच्या बाजूने येणारा निरोप इच्छेचा नसून मळमळीचाच असतो. 'दौर्हृद' या जुन्या शब्दातल्यासारखा.

'डोहाळे' हा शब्द बदलावा असे मी सुचवणार नाही. भाषा अशा सूचनांनी बदलत नसते, आणि डोहाळजेवणाचा आनंदही कोणाचा हिरावून घ्यायचा नाही. पण 'कडक डोहाळे' ऐकू आले की पुढचा प्रश्न बदलता येईल. आपण 'काय खावंसं वाटतं?' असे विचारतो. त्याऐवजी विचारावे: पाणी पोटात ठरते का? लघवी किती वेळा होते, तिचा रंग गडद झाला आहे का? वजन किती उतरले? शरीराच्या वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे साठ किलोंच्या बाईचे तीन किलो, उतरले असतील किंवा दिवसभरात पाण्याचा घोटही टिकत नसेल, तर ती गोष्ट चिंचा-आवळ्यांच्या पलीकडची आहे. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. तिसरा महिना उलटण्याची आणि चोरचोळीची वाट पाहू नये.